मणक्यातील मज्जेचे वाचन

कर्करोग मणक्यात पसरतो तेव्हा त्याचे पहिले ठाणे बहुधा आतल्या अस्थिमज्जेत असते. हाडाचा घाट त्यानंतर बिघडतो. म्हणूनच साधा एक्स-रे इथे फार उशिरा बोलतो, कारण हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज नष्ट झाल्याखेरीज त्यावर पोकळी स्पष्ट उमटत नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेत मणक्याचे दोन पेडिकल, म्हणजे पुढचा भाग मागच्या कमानीशी जोडणारे आखूड खांब, दोन डोळ्यांसारखे दिसतात, आणि त्यांतला एक पुसला गेला की घुबडाने डोळा मिटल्याचा भास होतो. ही खूण विद्यार्थी हौसेने पाठ करतात. पण ती दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो, हेही त्यांना त्याच तासाला सांगायला हवे.

एमआरआयचे मोल इथेच आहे. प्रौढांच्या मज्जेतील चरबी टी-१ प्रकारच्या प्रतिमेत उजळ दिसते आणि तिची जागा कर्कपेशींनी घेतली की तेवढा भाग काळवंडतो. शेजारच्या गादीपेक्षाही तो काळा दिसला, तर संशय बळावतो. मात्र हाडे ठिसूळ झाल्याने नुकताच दबलेला मणकाही सुजेमुळे काळा दिसतो, तेव्हा मागची भिंत मज्जारज्जूकडे फुगली आहे का आणि काळेपणा पेडिकलमध्ये शिरला आहे का, हे सावकाश पाहावे लागते. भारतात क्षयरोगाचाही विचार टळत नाही. क्षय बहुधा गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे मणके पोखरतो, तर कर्करोग गादीला सहसा धक्का लावत नाही. तरी दोघेही हा नियम मोडतात, आणि अशा वेळी सुईने तुकडा काढून तपासावा असे अहवालात स्पष्ट लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

बोन स्कॅन सगळा सांगाडा एका वेळी दाखवतो, परंतु तो टिपतो ती हाडाची नव्याने घडण्याची धडपड. मल्टिपल मायलोमासारखा, हाड केवळ विरघळवणारा आजार त्यातून निसटू शकतो.

कर्करोगाच्या रुग्णाची कंबर दुखते म्हणून फक्त कंबरेचा एमआरआय मागवला जातो, ही सवय मोडायला हवी, कारण गाठी अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी असतात आणि रज्जूवर दाब आणणारी गाठ वर छातीमागच्या मणक्यांत असू शकते. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालू शकतो, तो पुढेही चालता राहण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. म्हणून पायांतली ताकद कमी होऊ लागलेल्या रुग्णाच्या प्रतिमेत रज्जू दबलेला दिसताच, अहवाल टाइप होण्याची वाट न पाहता रेडिओलॉजिस्टने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करावा.