नऊ जणींचे दहा वाटे

परोपकाराला मोठे मन लागते, असे आम्ही मास्तर लोक वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. मन लागतेच, पण त्याच्याही आधी सुटे पैसे लागतात, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नसते. ते शिकायला मला वाशीच्या एपीएमसी मार्केटात जावे लागले.

आमच्या वसाहतीतल्या नऊ बाया मिळून दिवाळीचा फराळ करून विकतात. मी त्यांचा बिनपगारी हिशेबनीस. मास्तर, म्हणजे आकडेमोड येणारच, असा त्यांचा समज. मी कादंबऱ्या लिहितो, हे त्यांनी उदारपणे पोटात घातले आहे. दसरा उलटला की त्यांच्या पुढारीण अक्का आणि मी बाजाराची वाट धरतो.

कांदा-बटाटा, फळे, भाजी, मसाला आणि धान्य अशा पाच पेठांचे हे एक गावच आहे. मुंबईच्या दाटीतून एकेक पेठ उठून खाडीपलीकडे आली. धान्यबाजारात हरभऱ्याची डाळ पोत्याने घेतली की भाव गोड लागतो. मग तोलाई येते, हमाली येते, टेम्पोचे भाडे येते, आणि तो गोडवा हळूहळू ओसरतो. परवा एक गिऱ्हाईक हमालीवरून कुरकुरत होते. अक्का म्हणाल्या, "दादा, पोतं एकदा स्वतः उचलून बघा, मग बोला."

अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, १९६९ साली कायदा झाला, आणि डोक्यावरच्या ओझ्यालाही बोनस नि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. मजुरीत काटछाट नाही, हा अक्कांचाही नियम. मग काटछाट करायची कुठे? तेलात केली, तर चकली घरोघर चहाडी करते.

त्यात उधारीचे त्रांगडे. व्यापाऱ्याला पैसे रोख हवेत. आमचा मोठा माल घेणारी एक कचेरी मात्र बिल ठेवून घेते आणि गोड हसते. लहान उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण शनिवार दर सात दिवसांनी येतो, आणि बायांना मजुरी शनिवारी लागते.

अशा वेळी मी त्यांना लिज्जतची गोष्ट सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, स्टोव्ह आणला. वर पापड, खाली आच! देणगी मात्र घ्यायची नाही, आणि नफातोटा सगळ्या बहिणींचा. गोष्ट ऐकून अक्का म्हणतात, "छान आहे. पण मास्तर, डाळीचे पैसे?"

यंदा मात्र पेच निराळाच पडला. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई काम मागायला आली. नवरा नाही; उजव्या हाताची दोन बोटे नीट मिटत नाहीत. इतरजणी चार ताटे चकल्या पाडतात, तेव्हा हिच्या दोन होतात. मी हिशेब मांडला : अर्धे काम, अर्धा वाटा. अक्कांनी वही बाजूला सारली. "गणित बरोबर आहे तुमचं. पण पोट काही अर्धं नाही तिचं."

तेव्हा सर्वांत धाकटी बोलली, "माझ्या मुलीची फी भरायची आहे. माझा वाटा का कमी व्हावा?"

कुणी तिला गप्प केले नाही. तिचेही खरेच होते. दुर्बळाला पोटाशी धरणारा धंदा चालवायचा, तर त्याची किंमत दुसऱ्या कुणा श्रीमंताला नव्हे, शेजारी बसलेल्या दुर्बळालाच मोजावी लागते. अखेर असे ठरले की, नव्या बाईने वजन करावे, पुडे बांधावेत, आणि दिवाळीपर्यंत वाटे दहा पडावेत, सगळे सारखे.

दुसऱ्या दिवशी धाकटी सर्वांच्या आधी कामावर हजर. दिवसभर मात्र कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी नवीला दोरीची गाठ जमेना, तेव्हा तिने न बोलता पुडा ओढून घेतला, गाठ मारली आणि परत दिला. वहीत हे कुठल्या रकान्यात लिहावे, मला अजून सुचलेले नाही.

वाचकहो, अशा कुणा बायांचा फराळ यंदा आपल्या दारी आला, तर घासाघीस खुशाल करा. फक्त पैसे शनिवारच्या आत द्या.