डॅशबोर्डखालचा डबा

माझी पिकअप बीएस-सहा आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट भरायचे, कधी कोथिंबीर-मेथी, आणि आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटात माल लावायचा, हे माझं काम. या धंद्यात रिकामी गाडी बंद पडली तर एक भाडं जातं. भरलेली पडली तर शेतकऱ्याचा माल जातो आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्याची गाडी बघतो.

गाडीच्या खोड्या पावसाळ्यात सुरू झाल्या. रात्री अंगणात उभ्या गाडीचं लॉक आपोआप खटखट वाजायचं. किल्ली माझ्या खिशात, आणि पार्किंग लाइट लागलेले. एकदा माळशेजच्या धुक्यात वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला आणि थोड्या वेळाने आपला आपण सुरू झाला. घाटात पुढचं दिसेना म्हणजे काय होतं, हे तिथून माल घेऊन उतरलेल्यालाच कळेल. पुढे गाडी दोन रात्री उभी राहिली की सकाळी बॅटरी बसलेली असायची. बॅटरीवाल्याने तपासून बॅटरी चांगली असल्याचं सांगितलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदा व्होल्ट देत होता, म्हणजे चार्जिंगही नीट. मग ज्याला विचारावं तो एक नवीन पार्ट बदलायला सांगत होता.

आमच्या भागात एक जुने वायरमन आहेत. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. ट्रॅक्टरच्या डायनामोपासून त्यांनी सुरुवात केली आणि या वयात स्कॅनर शिकून घेतला. त्यांची एक सवय मला फार मोलाची वाटते. ते पार्ट शेवटी बदलतात, आधी मोजतात.

अण्णांनी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर लावला. दारं बंद केली, किल्ली लांब नेऊन ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "आता अर्धा तास गाडीला हात लावू नकोस. तिला झोपू दे." हल्लीच्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स किल्ली काढल्याबरोबर बंद होत नाही, थोडा वेळ जागी राहते, मग एकेक करून झोपते. सगळं झोपल्यावर गाडीने पन्नास मिलिअँपिअरच्या आत ओढावं, असा गॅरेजमधला ठोकताळा आहे. आमचा मीटर दोन अँपिअरच्या खाली यायला तयार नव्हता. बारा तासांत चोवीस अँपिअर-तास. दोन रात्रींत बॅटरी बसणारच.

आता हा करंट जातोय कुठे? पुष्कळ जण एकेक फ्यूज उपसून बघतात. अण्णा तसं करत नाहीत, कारण फ्यूज काढून परत घातला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि आपली फसगत होते. फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून अण्णा त्याची दोन टोकं त्या ठिपक्यांना लावत गेले. ज्या फ्यूजमधून काही वाहत नाही तिथे शून्य. एका फ्यूजवर आकडा हलला. झाकणाच्या आतल्या चित्रात त्या फ्यूजसमोर तीन अक्षरं होती : बीसीएम.

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. पूर्वी बटण दाबलं की करंट बटणातून किंवा रिलेमधून सरळ बल्बला जायचा. आता बटण फक्त या डब्याला कळवतं आणि डबा बल्ब पेटवतो. इंडिकेटर, हेडलाइट, वायपर, हॉर्न, लॉक, केबिनचा दिवा, सगळं याच्या हातात; माझ्या गाडीत तर किल्ली ओळखून इंजिनला परवानगी देणारा इमोबिलायझरही याच्यातच. शिवाय डबा दिव्यांच्या तारांतून किती करंट जातोय ते मोजत असतो आणि हिशेब जुळला नाही तर ती तार बंद करतो. म्हणून हौसेने एलईडीच्या पट्ट्या आणि जादा हॉर्न कंपनीच्या वायरिंगला टोचून जोडणाऱ्यांचे दिवे मध्येच जातात. जादा लाइट हवाच असेल तर तो बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले टाकून घ्यावा.

स्कॅनर लावला तेव्हा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये यू-०१४० हा कोड होता. त्याचा अर्थ, बीसीएमशी बोलणं तुटलं. इथे बहुतेक ठिकाणी निकाल लागतो : बीसीएम गेला, नवीन टाका. अण्णा म्हणाले, "तो मुका झालाय, का त्याला खायलाच मिळत नाही, ते आधी बघू."

बॅटरी सोडून त्यांनी डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजला. गाडीतली मॉड्यूलं दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मधे मोजलं तर ६० यायला हवेत. ६० आले. तारा शाबूत होत्या. मग बॅटरी जोडून, हेडलाइट लावून बीसीएमची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात किती व्होल्ट पडतात ते पाहिलं. नगण्य. सप्लायही पूर्ण होता. आता डब्यावर संशय घ्यायला हरकत नव्हती.

स्टीअरिंगखालचं प्लास्टिक काढून अण्णांनी बॅटरी सोडली आणि टॉर्च धरून मोठा कपलर ओढला. पिनांवर हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं. तांबं भिजलं की चढतो तो गंज. एका पिनेवर पाण्याचा थेंब अजून तसाच होता. अण्णांनी बोट पुढे करून तो टिपला, मला दाखवला आणि म्हणाले, "हा बघ तुझा चोर."

डबा उघडल्यावर कपलरच्या मुळाशी पांढरट-हिरवा थर निघाला आणि पाटीवरची तांब्याची एक बारीक रेघ खाल्लेली दिसली. ओलीमुळे पिनांमधून करंट झिरपत होता, डबा झोपायचं विसरला होता आणि न दाबलेली बटणं दाबल्यासारखा वागत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाटी धुऊन, वाळवून त्यांनी डबा परत बसवला. गाडी चालू झाली, पण काही दिवसांनी किल्लीची खूण डॅशबोर्डवर लुकलुकायला लागली आणि सेल्फ घेईना. गंज आतपर्यंत गेला होता. डबा बदलावाच लागणार होता.

पण त्याच्या आधी अण्णांनी जे केलं ते कुठल्याच बिलात दिसणार नाही. त्यांनी वायपरच्या खालची जाळी काढली. तिथे काचेवरून येणारं पाणी बाहेर सोडायला भोकं असतात. ती चिंचेच्या पाल्याने आणि चिखलाने गच्च बुजली होती. पाणी तुंबून वायरिंगच्या रबरी बुचापर्यंत चढत होतं आणि तडकलेल्या बुचातून शिरून, वायरींच्या जुडग्यावरून ओघळत थेट कपलरमध्ये उतरत होतं. अण्णांनी पाला काढला, नवं बूच बसवलं आणि जुडग्याला कपलरच्या आधी खाली झोल दिला, म्हणजे यदाकदाचित पाणी आलंच तरी झोलाच्या तळाशी टपकून जाईल. मग बादलीने काचेवर पाणी ओतून, आत टॉर्च मारून खात्री केली. हे न करता नवा डबा टाकला असता तर पुढच्या पावसाळ्यात तोही गेला असता.

पुण्यात नाना पेठेत जुना डबा निम्म्याहून कमी पैशांत मिळत होता. अण्णांनी नको म्हटलं. जुन्या डब्यात ज्या गाडीतून तो निघाला तिचा चासी नंबर आणि तिच्या किल्ल्या लिहिलेल्या असतात. माझी किल्ली तो ओळखणार नाही. आतल्या मेमरीतला मजकूर उतरवून घेणारे कारागीर आहेत, पण चुकलं तर आपला आणि विकत घेतलेला, दोन्ही डबे हातचे जातात. चासी नंबर देऊन नवाच मागवला.

आणि इथून पुढे अण्णांचं काम थांबलं. नवा डबा कोरा येतो. त्यात चासी नंबर, गाडीचं मॉडेल, कुठले दिवे, कुठला वायपर हे भरावं लागतं आणि मग किल्ल्या शिकवाव्या लागतात. तेवढ्यासाठीचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड फक्त कंपनीच्या वर्कशॉपकडे. चालू न होणारी गाडी टोइंगवर टाकून शहरात न्यावी लागली. आरसी द्या, दोन्ही किल्ल्या द्या, नंबर लावा. काम करणारा मुलगा मात्र जाणता होता. लिहिताना व्होल्टेज पडलं तर डबा अर्ध्यात मरतो, म्हणून त्याने आधी बॅटरीला चार्जर जोडला. एकदा यादीतून चुकीचं मॉडेल निवडलं गेलं, तर थांबून-थांबून चालणारा वायपर चालेना. त्याने परत निवडून दुरुस्त केलं. प्रत्यक्ष काम चहा पिऊन होईपर्यंत संपलं. टोइंग, डबा आणि प्रोग्रॅमिंग मिळून खर्च गाडीच्या महिन्याच्या हप्त्याच्या वर गेला, आणि ऐन टोमॅटोच्या तेजीत बुडालेली भाडी वेगळी.

किल्लीचे कोड वाटेल त्याला दिले तर चोऱ्या वाढतील, हे मला मान्य आहे. पण त्यावर मार्ग आहे. अमेरिकेत नॅस्टफ नावाची संस्था पार्श्वभूमी तपासून कुलूपवाल्यांची आणि मेकॅनिकची नोंदणी करते, आणि नोंदणी झालेल्यालाच हे कोड मिळतात. कुणी, कुठल्या गाडीसाठी घेतले त्याची नोंद राहते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही घेतली. पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि आमच्या जुन्नर तालुक्यातल्या वायरमनच्या लॅपटॉपमध्ये ते सॉफ्टवेअर चालणं वेगळं. अण्णा त्याचे पैसे भरायला, ओळखपत्र द्यायला, परीक्षासुद्धा द्यायला तयार आहेत. दोष त्यांनी शोधला, कारण त्यांनी काढलं. शेवटचा अर्धा तासही त्यांना करू द्यावा, एवढंच गाडी बनवणाऱ्यांकडे आणि सरकारकडे मागणं आहे.

आणि पिकअप चालवणाऱ्या माझ्या भावांना एक सांगणं. मृग लागायच्या आत वायपरखालची जाळी काढा, पाला साफ करा आणि काचेवर एक बादली पाणी ओता. ते चाकांजवळ जमिनीवर पडताना दिसलं तर ठीक. नाही दिसलं, तर त्याच दिवशी वायरमनकडे जा.