मोठी गाडी, जुनी गाडी आणि घरातली वही

नवी गाडी घेताना माणूस किंमत विचारतो, हप्ता झेपतो का ते पाहतो आणि मोकळा होतो. जुन्या गाडीचे तसे नसते. त्यातही ती एके काळची साहेबी थाटाची मोठी गाडी असेल, तर तिची किंमत हा सगळ्या हिशेबातला लहान आकडा असतो. २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या घरात या विषयावर तीन आठवडे खल चालला होता. त्यातून जे हाती लागले ते आपल्या वाचक कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गरज सांगितली पाहिजे. आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे दादांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी छत्रपती संभाजीनगर शहरात न्यावे लागते. आम्ही राहतो शेंद्र्याच्या बाजूला. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. डायलिसिस झाल्यावर दादांचा रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, ताठ बसवत नाही. रिक्षातून परत येताना वहिनी त्यांचे डोके खांद्यावर धरून बसायच्या. आणि हा वार चुकवून चालत नाही. चुकला की अंगात पाणी साचते, धाप लागते. नात्यातल्या एकाची छोटी गाडी आम्ही दोनदा मागून नेली. पण दादांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. तेव्हा ऐसपैस मागची सीट हवी, गाडी रोज निघणारी हवी, आणि किंमत तीन लाखांच्या आसपास हवी, एवढे ठरले. आमची शिल्लक आणि दादांचा उरलेला फंड मिळून चार लाख होत होते. त्यातले एक लाख हाताशी ठेवायचे, हेही ठरले.

एवढ्या पैशांत दोन गाड्या समोर आल्या. एक २०११ सालची होंडा अकॉर्ड, २.४ लिटरची, पेट्रोलवर चालणारी. दुसरी २०१२ सालची स्कोडा सुपर्ब, दोन लिटरची, डिझेलची. दोन्ही ऑटोमॅटिक. नव्या होत्या तेव्हा दोन्ही वीस लाखांच्या घरातल्या. आम्ही बी. कॉम. केले असल्याने घसारा पाठ आहे. वीस लाखांवर दर साल १५ टक्के घसारा, घटत्या शिलकीने, असा चौदा वर्षे लावला तर वहीत साधारण २ लाख ५ हजार उरतात. म्हणजे मागितलेल्या किमती काही फुकटच्या नव्हत्या. पण खरी गोम पुढे आहे. गाडीच्या किमतीला घसारा लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. तीन लाखांत घेतली तरी तिचे टायर, तिचे शॉक अॅब्सॉर्बर, तिचा गिअरबॉक्स वीस लाखांच्या गाडीचेच राहतात.

आमच्या पुतण्याचा कौल सुपर्बला होता, आणि तो नुसत्या हौसेपायी नव्हता. ही गाडी आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात असे, आणि पुतण्या त्या काळी तिथे कंत्राटावर कामाला होता. "काका, ही गाडी माझ्या हाताखालून गेली असेल," तो म्हणाला. एरवी कमी बोलणारा पोरगा तिच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. मागची सीट तर अशी, की दादा पाय लांब करून बसले.

शिवाय डिझेलचा हिशेबही तिच्या बाजूने होता. आमचे चालणे महिन्याला हजार किलोमीटर. अकॉर्ड लिटरला नऊ किलोमीटर देईल असे धरले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याला सुमारे ११,७०० रुपये. सुपर्ब तेरा देईल आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर सुमारे ७,१००. महिन्याला ४,६०० रुपयांचा फरक, वर्षाला पंचावन्न हजार. आमच्यासारख्या पगारदाराला हा आकडा थोडा नाही.

मग अडले कुठे? ही गाडी दिल्लीहून आली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेतली की तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र, इथली नवी नोंदणी आणि इथला रस्ता कर आला. तोही खर्च आम्ही धरला. पण तिच्याबरोबर देखभालीची वही नव्हती. मीटरवर ६८ हजार किलोमीटर होते, त्याला पुरावा नव्हता. विकणारा म्हणायचा, "साहेब, इंजिन ऐका ना!" इंजिन खरोखर छान वाजत होते. पण आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी दोन प्रश्न विचारले. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबरी असतो, तो ठरावीक अंतराने बदलावा लागतो. तुटला तर आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. तो कधी बदलला? दोन क्लचच्या या गिअरबॉक्सचे तेल दर साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते. ते बदलले का? दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही. गाडी वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. तिचा हिशेब हरवला होता.

अकॉर्ड एका निवृत्त प्राध्यापकांची, पहिल्या मालकाची. ९२ हजार किलोमीटर, आणि प्रत्येक बिल तारीखवार फाइलला लावलेले. या इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुन्या, सरळ पद्धतीचा. उणे बाजूही आम्ही मांडली. पेट्रोल जास्त पिणार. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले, आणि २०११ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. तेव्हा मायलेज थोडे उतरणार आणि इंधनाच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावे लागणार. २०२६ मध्ये तिला पंधरा वर्षे पुरी होतात, म्हणजे फेरनोंदणी आली. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी.

घरात दोन तट पडले. शेवटी दादांनाच विचारले. ते म्हणाले, "पेट्रोलला किती जातं ते महिन्याच्या महिन्याला दिसतं. दिसणारा खर्च आपण जन्मभर भागवत आलो. आपल्या माणसांना सावकाराच्या दारात नेलं ते न दिसणाऱ्या खर्चानं."

आमच्या मते सगळ्या हिशेबाचे सार यात आले. ज्याच्या गाठीला मोठी पुंजी आहे, त्याला सरासरी स्वस्त पडणारी गाडी परवडते. मध्येच लाखाचा फटका बसला तरी तो सोसतो. पगारदाराला तो फटका सोसवत नाही. आणि आमच्या घरी तर गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडली, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. दादांचा वार चुकतो. म्हणून महिन्याला ४,६०० रुपये जास्त देऊन आम्ही अकॉर्ड घेतली. पुतण्या दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच तिची चाके उतरवून ब्रेक तपासले. आता दादांना नेण्या-आणण्याचे काम बहुतेक वेळा तोच करतो, आणि दादा मागे उशी घेऊन आडवे होतात. गाडी रस्त्याला फार टेकते, गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागते. तेही त्याच्या अंगवळणी पडले आहे.

ज्यांना अशी खरेदी करायची आहे त्यांनी एवढे करावे. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर आत पाणी जाते आहे, असे समजावे. पायातले मॅट उचलून ओल आणि वास पाहावा. टायरवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा नाही ना, दंडाची चलने थकलेली नाहीत ना, हे पैसे देण्याआधी तपासावे. विम्याचा खर्च विसरू नये. १५०० सीसीवरील खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ७,८९७ रुपये आहे. आणि गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम घरात शिल्लक नसेल, तर मोठ्या जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

आम्ही गाडीची एक वही घातली आहे. पेट्रोल, हवा, ऑइल, प्रत्येक रुपया तीत चढतो. उद्या ही गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याच्या हातात ती वही देता येईल. दुसऱ्याकडून आपण जो हिशेब मागतो, तो आपल्याकडेही असावा, एवढेच आमचे सांगणे.