गाडीची टिकटिक

आमच्या घरची हिरो होंडा स्प्लेंडर २००४ सालची आहे. हिरो आणि होंडा कधीच वेगळे झाले, २०११ मध्ये कंपनीचं नावही बदललं, पण आमच्या अंतरवाली सराटीत अजून सगळे ‘हिरो होंडा’च म्हणतात. आमचे हे अडुसष्ट वर्षांचे. गुडघ्यांमुळे चालत शेतात जाणं होत नाही, त्यामुळे गाडी बंद पडली की ह्यांचं मोसंबीच्या बागेत जाणंही बंद.

दिवाळीनंतर सकाळी गाडी सुरू झाली की मला स्वयंपाकघरात टिकटिक ऐकू यायला लागली, शिलाई मशीन चालावी तशी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कुठला आवाज? चांगली चालतेय की." एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं दोनदा रेस दिली आणि इंजिन खोलावं लागेल, सहा-सात हजार धरा, असं सांगितलं. मी बी.कॉम. झालेली बाई. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळ्या वह्या नव्यानं लिहायला बसत नाही. फरक कुठे शिरला ते आधी शोधायचं, आणि फुकटात तपासता येईल ते सगळ्यात आधी.

पुतण्याला बोलावलं. तो ट्रॅक्टर, मोटारी असलं सगळं करतो. पहिलं काम ऑइल. गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची, ऑइलची पट्टी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, आणि मग पाहायचं. ऑइल कमी असेल तर वरचे भाग कोरडे पडून वाजतात. आमचं बरोबर होतं. मग क्लच दाबून पाहिला. आवाज बदलला असता तर दोष क्लच किंवा गिअरकडे असता, नाही बदलला. सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथली पॅकिंग गेली तरी फटफट टिकटिक येते, पण तिथे फुंकर किंवा काजळी काहीच नव्हतं.

मग त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. टोक इंजिनवर ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डॉक्टरांची नळीच समजा. "काकू, पदर खोचून घ्या आधी," म्हणाला. डाव्या बाजूला टायमिंग चेन असते. ती सैल झाली की खळखळ येते, साखळी डब्यात हलवावी तशी. तिथे साधी घरघर होती. खाली क्रँककडे जड ठोका असता तर मात्र खरंच इंजिन खोलावं लागलं असतं, आणि ती भीती मला होतीच. तिथेही काही नाही. पुढे हेडवरच्या गोल टोपीला टोक लावलं आणि टिकटिक थेट डोक्यात शिरली. टॅपेट!

पुतण्यानं ऐकलं, त्यालाही आली. ह्यांच्या हातात दिला. बराच वेळ कान लावून म्हणाले, "धडधड येते. टिकटिक नाही येत." आम्ही दोघं काहीच बोललो नाही. हेच गृहस्थ एके काळी गल्लीत शिरणारी गाडी कोणाची ते आवाजावरून सांगायचे.

टॅपेट दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर लावलं, कारण तापल्यावर फट बदलते. फट केसाहून बारीक असते, ती फिलर गेजच्या पत्तीनं मोजतात. इथे एक सांगते. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून घेऊ नका. फटच उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, आणि मग तो सहा-सात हजारांचा खर्च खरोखर येतो. थोडी टिकटिक राहिलेली बरी. आमचा खर्च टोप्यांच्या दोन रबरी रिंगांचा आणि पुतण्याच्या चहाचा.

हे आता रोज बागेत जातात. निघताना गाडी सुरू करून दारात थांबतात आणि माझ्याकडे पाहतात. मी आतूनच "ठीक आहे" म्हणते, मग गिअर टाकतात. कानाच्या डॉक्टरांकडे मात्र "मोसंबी उतरली की जाऊ" म्हणून ढकलणं चालू आहे. मी नंबर लावून ठेवलाय.