तेलाच्या डब्यातला लाले

उमऱ्याहून परतताना काही कुटुंबे दोन दिवस इस्तंबूलला थांबतात. एप्रिल असला तर एमिर्गान बागेतले ट्युलिप सगळेच पाहतात. पण या फुलाची ओळख करून घ्यायची तर एमिनोनू भागातल्या जुन्या मसाला बाजाराकडे जावे. बाजाराला लागूनच रोपे, बिया आणि कंदांची दुकाने आहेत. तिथून थोडे चालले की दुकानांच्या वरच्या मजल्यावर रुस्तम पाशा मशीद लागते. सोळाव्या शतकात मिमार सिनानने ती बांधली. इझनिकच्या निळ्या-तांबड्या फरशांनी मढलेल्या तिच्या भिंतींवर ट्युलिपची कितीतरी रूपे दिसतात.

तुर्कीत या फुलाला ‘लाले’ म्हणतात. अरबी लिपीत ‘लाले’ आणि ‘अल्लाह’ या दोन्ही शब्दांची अक्षरे तीच : एक अलिफ, दोन लाम आणि एक हे. म्हणूनही उस्मानी कारागिरांना हे फूल जवळचे वाटले.

पुढे याच फुलाची हौस वाढत गेली. 1718 ते 1730 हा काळ इतिहासात ‘लाले दौर’ म्हणून ओळखला जातो. बड्या लोकांत कंदांसाठी अशी चढाओढ लागली की सरकारला भाव ठरवून द्यावे लागले. 1730 मध्ये उठाव झाला आणि सुलतान अहमद तिसरा यांना तख्त सोडावे लागले. रागाची कारणे अनेक होती. दरबारचा इसराफ हे त्यांतले एक.

आज या शहरातल्या दाट वस्तीत अंगण कुठले? जैतूनच्या तेलाचे किंवा चीजचे रिकामे डबेच खिडकीत कुंड्या होतात. लाले लावायलाही असा डबा पुरतो. तळाला भोके पाडायची, खडे घालायचे आणि वर भुसभुशीत माती भरायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर ठेवून पुरायचा. पाणी साचू द्यायचे नाही. मग तीन-चार महिने थंडीच त्याचे काम करते. फूल गळले तरी पाने पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत. पुढच्या वर्षाची शिदोरी त्यांतूनच कंदात उतरते.

आपल्या रत्नागिरीत, मुंबईत ती थंडी नाही. कंद 12 ते 14 आठवडे फ्रिजमध्ये ठेवून फूल आणता येते, मात्र फळांपासून दूर ठेवावे लागतात. पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. एवढे करूनही दुसऱ्या वर्षी फुलाची आशा थोडीच. शिवाय परदेशातून कंद आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. तेव्हा ते बॅगेत टाकून आणू नयेत.

आणायचीच असेल तर डब्याची युक्ती आणावी. आपला भुईचाफा हिवाळाभर मातीत झोपतो आणि पावसाआधी, पाने फुटण्याच्याही आधी, थेट मातीतून फुलतो. गॅलरीतल्या गोडेतेलाच्या डब्यात त्याचा एक गड्डा सहज मावेल.