चिमट्यातलं रबर

तुमच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी सायकल टांगलेली आहे का? असेल तर हे वाचून झाल्यावर तिच्याकडे जरा बघून या.

माझ्याकडे आहे. १९९८ साली कोलोरॅडोत नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेली माउंटन बाइक. तीही सेकंडहँड. तिचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, रॉकशॉक्स कंपनीचा ‘जुडी’. पुण्यात मी ज्या सायकलवर शाळेत जायचो, तिचा चिमटा साधा लोखंडी होता. खड्डा आला की थेट मनगटात कळायचं. हा चिमटा मात्र धक्का बसला की दबायचा आणि लगेच वर यायचा. मला फार नवल वाटलं होतं.

तेव्हा ही गोष्ट नवीनच होती. पॉल टर्नर यांनी १९८९ साली रॉकशॉक्स सुरू केली. पुढच्याच वर्षी आमच्या कोलोरॅडोतल्या डुरँगो गावात माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथली उतारावरची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनी रॉकशॉक्सचा फोर्क लावून जिंकली.

मग लग्न झालं, मुलगी झाली, सायकल भिंतीवर गेली. “जपून ठेवली आहे,” असं मी सगळ्यांना सांगायचो. मुलगी तीन उन्हाळे मागे लागली होती. “बाबा, मला तीच हवी. नवी नको.” आणि मी दर वेळी म्हणायचो, “पुढच्या उन्हाळ्यात बघू.”

ती पंधरा वर्षांची झाली, तेव्हा शेवटी सायकल खाली काढली. हँडल दाबलं. फोर्क खाली गेला आणि खालीच राहिला.

वरचं प्लास्टिकचं झाकण उघडताना मी घाई केली आणि त्याचे आटे गेले. आत इलॅस्टोमर असतात. म्हणजे फोमसारख्या पॉलियुरेथेनचे छोटे दंडगोल, एकावर एक रचलेले. स्प्रिंगचं काम तेच करतात. त्यांची पार काकवी झाली होती. बोटांना चिकटली, निघता निघेना.

मुलगी म्हणाली, “तू तर म्हणालास जपून ठेवलीये!”

तुम्ही विचाराल, सरळ नवा फोर्क का नाही घेतला? कारण तो बसत नाही. ही सायकल २६ इंची चाकांची. तिचे ब्रेक रिम दाबतात आणि ते बसवायला फोर्कवर खुंट्या लागतात. बहुतेक नव्या फोर्कवर त्या नसतात. शिवाय नवे फोर्क उंच असतात. ते लावले की सायकलचं नाक वर जातं आणि ती नीट वळत नाही.

म्हणून मी सुटे भाग शोधायला लागलो, आणि दोनदा चुकलो.

पहिल्यांदा मी मूळ इलॅस्टोमरचं पॅकबंद पाकीट मागवलं. फोटोत अगदी नवं दिसत होतं. हातात घेऊन चिमटीत दाबलं, तर कुस्करलं! ते कधी वापरलं नव्हतं, पण होतं पंचवीसेक वर्षांचं. हवेतल्या ओलाव्यानेही पॉलियुरेथेन हळूहळू विरघळत जातं. पाकिटात ठेवलं म्हणून ते थांबत नाही.

दुसऱ्यांदा मी सुट्या भागांसाठी दुसरा जुना जुडी घेतला. त्यावर कुणीतरी ॲल्युमिनियमची झाकणं बसवली होती. मी खूश झालो. मुलगी मात्र टॉर्च घेऊन दोन्ही पाय जोडणारा वरचा भाग बघत होती. त्याला क्राउन म्हणतात. “बाबा, इथे केस चिकटलाय का?” तो केस नव्हता, चीर होती. उतारावर क्राउन तुटला तर माणूस तोंडावर आपटतो. आम्ही फक्त झाकणं काढून घेतली आणि तो फोर्क भंगारात टाकला. आमचा क्राउनही पुसून पुसून तपासला. तो ठीक होता.

यातून मी एक नियम शिकलो. धातू वापराने झिजतो, रबर नुसतं पडून राहूनही जातं. म्हणून धातूचे भाग जुने चालतील, पण तपासून घ्या. रबर आणि फोम मात्र नव्याने बनवलेलाच घ्या.

माझे वडील पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना तुटलेला भाग खिशात घेऊन जायचे. “नाव चुकेल, नमुना चुकणार नाही,” म्हणायचे. मी तेच केलं. ओ-रिंगचा आतला व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजली. त्या बेअरिंगच्या दुकानात सहज मिळाल्या. त्या नायट्राइल रबरच्या घ्या, तेलाने फुगत नाहीत. इलॅस्टोमरच्या जागी बसणाऱ्या स्टीलच्या स्प्रिंगा एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनवून मिळणार होत्या. मी लांबी आणि व्यास लिहून पाठवला.

त्यांनी उलट विचारलं, “चालवणाऱ्याचं वजन किती?”

स्प्रिंग किती कडक हवी, ते वजनावर ठरतं. मी सवयीने माझं वजन लिहिलं, ८२ किलो. मग थोडा वेळ तसाच बसलो. पंचवीस वर्षं ही सायकल ‘माझी’ होती. मी ८२ खोडलं आणि ५१ लिहिलं.

जोडणी आम्ही दोघांनी केली. आत लावायच्या ग्रीसचं नाव आहे ‘जुडी बटर’. “लोणी!” म्हणून ती हसत सुटली आणि नाकालाही लावून घेतलं.

पहिल्या दिवशी ती माझ्यापुढे दगडी वाटेवर उतरली. फोर्क दबला, वर आला, पुन्हा दबला. वळणावर ती दिसेनाशी झाली. या वेळी मी “थांब” म्हणालो नाही.

आता तुमची सायकल खाली काढा. पुढचा ब्रेक धरून हँडल दाबा. वर येतंय का बघा. नसेल येत, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका.

विचार करा आणि बोला
१. पॅकबंद पाकिटातले इलॅस्टोमर का खराब झाले होते?
२. लेखकाने ८२ खोडून ५१ का लिहिलं?
३. तुमच्या घरी ‘जपून ठेवलेली’ कोणती वस्तू आहे? ती शेवटची कधी वापरली, ते आई-बाबांना विचारा.