अटलांटाच्या उतारावर १७० किलोंची चूल

अटलांटाला पहिल्यांदा जाल तेव्हा विमान खाली येताना शहर शोधू नका. शहर दिसतच नाही, झाडं दिसतात. पाइन, ओक, आणि मधूनच दहा-पंधरा उंच इमारतींचा एक झुपका. विमानतळावरून उत्तरेकडे, जॉर्जिया ४०० या रस्त्यानं निघालात की अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग अशी गावं लागतात. आपल्या लोकांची वस्ती इथं इतकी आहे की वाणसामानाच्या दुकानात कढीपत्ता आणि थालीपिठाची भाजणी शेजारी शेजारी मिळते. आमचा मुलगा याच भागात राहतो. इंदूरहून आम्ही दोघं दर दोन-तीन वर्षांनी तिथं जातो. मार्चअखेरीस गेलात तर गाडीवर, पायरीवर, खिडकीवर पाइनच्या परागांचा हळदीसारखा पिवळा थर दिसेल. घाबरू नका, एक चांगला पाऊस आला की धुऊन जातो.

मात्र पावसात खाली काय आहे ते कळतं. लाल माती. कोकणात गेला असाल तर ओळखीची वाटेल. ही मात्र जास्त चिकट, आणि भिजली की साबणासारखी. सगळा मुलूख उंचसखल, त्यामुळे घरं उतारावरच बांधलेली. रस्त्यावरून पाहिलं तर दुमजली, मागून पाहिलं तर तिमजली. स्वयंपाकघरातून मागं निघालं की लाकडी खांबांवरचा डेक, आणि त्याच्या खाली, तळघराच्या दाराशी, फरसबंदीचं अंगण. रस्त्यापासून त्या अंगणापर्यंत जायचं तर घराच्या कडेनं, गवत आणि लाल मातीच्या उतारावरून. हा भूगोल एवढ्यासाठी सांगितला, की गेल्या एप्रिलमध्ये मुलानं चूल मागवली आणि ती याच वाटेनं न्यायची होती.

चूल म्हणते खरी, पण तिथं तिला ग्रिल म्हणतात. जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची, वर बिजागरीचं झाकण. तळाशी हवा आत घेणारं एक झरोकं, माथ्यावर धूर सोडणारं दुसरं. दोन्ही झरोकी किती उघडायची यावर सगळा खेळ. पूर्ण उघडी ठेवली तर पिझ्झा भाजण्याइतकी, ३५० अंश सेल्सिअसच्या पुढची आच. जवळजवळ बंद केली तर १०० ते ११० अंशांवर रात्रभर मंद धग, तीही मूठ-दोन मूठ जादा कोळसा न घालता. भिंत जाड, म्हणून आच आत राहते. जाड म्हणूनच वजन. साधारण कुटुंबाला पुरणारी चूल सुमारे ७३ किलोंची असते. त्याहून मोठी ९९ किलोंची. आमच्या चिरंजीवांनी सगळ्यात मोठी घेतली, १७० किलोंची. "आई, वर्षातून चार वेळा चाळीस माणसं येतात," हे त्याचं कारण. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघी गप्प बसलो.

तुम्हाला वाटेल ही अस्सल अमेरिकन वस्तू. मूळ जपानी आहे. जपानीत चुलीला 'कामादो' म्हणतात. भात शिजवायच्या गोल मातीच्या कामादो दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी पाहिल्या, त्यातल्या काही घरी आणल्या. पुढं १९७४ मध्ये एड फिशर नावाच्या गृहस्थांनी अटलांटात दुकान काढलं. तिथं पाचिंको हे जपानी गोळ्यांच्या खेळाचं यंत्र मिळे आणि या मातीच्या चुलीही मिळत. मातीच्या चुली तडकायच्या, म्हणून पुढं त्या टिकाऊ सिरॅमिकच्या करवून घेतल्या. हिरव्या रंगामुळे नाव पडलं 'बिग ग्रीन एग'. आज त्या मेक्सिकोत घडतात, पण अटलांटाची माणसं ती वस्तू आपलीच मानतात. संध्याकाळी फिरायला निघालात तर दर तिसऱ्या-चौथ्या घरामागं अशी एखादी चूल दिसते, हिरवी, लाल, काळी.

आणखी एक गंमत. जपानीत मुलगा वेगळं घर थाटतो तेव्हा 'कामादो वेगळी करणं' असा वाक्प्रचार आहे. आपण म्हणतो 'वेगळी चूल मांडली'. एवढा समुद्र मध्ये असून दोन्ही भाषांना घर म्हटल्यावर चूलच आठवली.

आता सामान घरी येण्याची गोष्ट. आपल्याकडे फ्रिज घेतला की दुकानदार विचारतो, "कितवा मजला?" बस्स. इंदूरच्या सियागंजात पोती वाहणारी माणसं मी लहानपणापासून पाहते. दोरी, डोक्यावर चुंबळ, आणि दोघं जण कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचवून पाणी पिऊन निघून जातात. आपण दारात उभं राहून "जरा भिंतीला लागू देऊ नका हो" एवढंच म्हणतो. त्या भिंतीची काळजी आपल्याला असते, त्यांच्या मणक्याची क्वचित. महाराष्ट्रात निदान १९६९ पासून माथाडी कामगारांसाठी कायदा आहे. इतर बऱ्याच ठिकाणी दोरी आणि खांदा, इतकंच.

अमेरिकेत जड सामान ट्रकनं येतं, लाकडी पॅलेटवर पट्ट्यांनी बांधून. ट्रकच्या मागं खाली-वर होणारी लोखंडी फळी असते, तिच्यावरून पॅलेट रस्त्यावर उतरतं आणि ड्रायव्हरचं काम संपतं. याला 'कर्बसाइड' म्हणतात, म्हणजे रस्त्याच्या कडेपर्यंत. तो एकटाच असतो, आणि उतारावर पॅलेट ढकलायला तो नाही म्हणतो, ते बरोबरच आहे. आत आणून जोडून देणारी सेवाही असते. मुलानं तिचा दर विचारला आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ बोलला नाही.

मुलाकडे असताना असं काही आलं तर एक लक्षात ठेवा, सही करण्याआधी खोका चारी बाजूंनी पाहा. सिरॅमिक आतल्या आत तडकलेलं बाहेरून कळत नाही. आमच्या खोक्याचा एक कोपरा दबला होता. मुलानं पावतीवर तसं लिहिलं, फोटो काढले आणि मगच सही केली. ड्रायव्हर शांतपणे थांबला. "नो मॅम, टेक युअर टाइम," मला म्हणाला. दक्षिणेकडची माणसं वडीलधाऱ्या बाईला मॅम म्हटल्याशिवाय वाक्य पुरं करत नाहीत.

ट्रक गेला. रस्त्याच्या कडेला खोका, खाली गॅरेजपर्यंत चाळीसेक फूट उताराचा ड्राइव्ह-वे, तिथून कडेची लाल माती. दुपारचे दोन वाजलेले, आणि सगळ्यांच्या फोनवर संध्याकाळी वादळी पावसाचा इशारा. एप्रिलमधलं तिथलं वादळ म्हणजे खेळ नव्हे.

मला खरी भीती वेगळीच होती. आमच्या ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय, आणि हे आधीच बाह्या सरसावून उभे. परदेशी जाताना आपण जो प्रवासी विमा काढतो, त्यात जुनं दुखणं बहुतेक वेळा धरत नाहीत. तिथल्या इस्पितळाचं बिल मुलाच्या चुलीपेक्षा कितीतरी जड झालं असतं. "बाबा, तुम्ही हात लावायचा नाही," मुलगा म्हणाला. "मग मी काय बघत बसू?" हे म्हणाले. आवाज चढू लागले. तुमच्याही घरी हे असंच होत असणार. वय झालं हे मान्य करायला पुरुषमाणसाला ओझ्यासमोर फार जड जातं.

तोडगा निघाला तो समोरच्या घरातून. तिथं एक तेलुगू कुटुंब आहे, त्यांचा तरुण मुलगा आला. पलीकडच्या घरातले निवृत्त गृहस्थ, जन्माचे जॉर्जियाचे, पूर्वी बांधकामाच्या धंद्यात होते, तेही आले. येताना त्यांनी पाऊण इंच जाडीचे प्लायवूडचे तीन तक्ते आणि पट्टा असलेली दोन चाकी ढकलगाडी आणली. कुणी बोलावलं नव्हतं. रस्त्यावर पॅलेट दिसलं, एवढंच. आल्या आल्या त्यांनी ह्यांना विचारलं, "सर, तुम्ही काय काम करत होता?" रेल्वेत, म्हटल्यावर म्हणाले, "मग हुकूम तुम्ही द्या. एकानंच बोलायचं, नाहीतर बोटं जातात." ह्यांचा चेहरा बघायला हवा होता.

पहिला हुकूम निघाला, "अख्खी उचलायचीच नाही." चूल अजून जोडलेली नव्हती, हे आमचं भाग्य. खोका रस्त्याच्या कडेलाच उघडला. दबलेल्या कोपऱ्यामागं फक्त जाड पुठ्ठा चुरगळला होता. झाकण वेगळं, आतली निखाऱ्यांची भट्टी वेगळी, वरची कडी वेगळी, जाळ्या वेगळ्या. सुटे भाग जुन्या गोधड्यांत गुंडाळून एकेक करून खाली गेले, त्यातल्या जाळ्या मी आणि सुनेनं नेल्या. उरलं तळाचं भांडं. ते रांजणासारखं, धरायला कुठं कंगोराच नाही. अशा वेळी हात घालायचा तो तळाच्या झरोक्यात आणि मागच्या बाजूनं बुडाखाली. हँडलला किंवा बाजूच्या फळ्यांना धरून ही वस्तू कधी उचलू नका, ते त्यासाठी नसतात.

भांडं ढकलगाडीवर पट्ट्यानं आवळलं आणि उतारावर निघालं. माणसं वरच्या अंगाला, ओझं खालच्या अंगाला, आणि ओझ्याच्या पुढं कुणीही नाही. हा नियम हे दर दहा पावलांनी ओरडून सांगत होते, नातवानं तो पाठ केला. ड्राइव्ह-वे संपल्यावर मातीवर प्लायवूडचा पहिला तक्ता, मग दुसरा, मग तिसरा. गाडी तिसऱ्यावर गेली की पहिला उचलून पुढं. "थांबा" म्हटलं की तेलुगू मुलगा चाकाला विटेची उटी लावायचा. कडेचं अंतर साठ फूटही नसेल, पण त्याला पाऊण तास लागला. मध्ये एकदा तक्त्याचा कोपरा मातीत रुतला आणि गाडी कलली. कुणी बोललं नाही. ह्यांनी अगदी हळू आवाजात "खाली ठेवा" म्हटलं. गाडी आडवी टेकवली, तक्ता सारखा केला, पुन्हा उभी केली. माझा हात मात्र तोपर्यंत सुनेच्या मनगटावर घट्ट आवळलेला होता.

वरच्या डेकवर का नाही ठेवली, असं तुम्ही विचाराल. स्वयंपाकघरातून पोळी नेऊन भाजायला किती सोपं झालं असतं. पण असे लाकडी डेक साधारणपणे दर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे १८ किलो भार धरून बांधलेले असतात. चूल, तिची गाडी आणि भोवती उभी राहणारी माणसं धरून मुलानं हिशेब केला, तो काही पटला नाही. शिवाय खाली लाकूड आणि वर निखारे. फरसबंदीच बरी.

पाचच्या सुमारास सगळे भाग जोडून झाले. गाडीच्या चाकांना ब्रेक लावले. गाडीवर बसवलेली चूल सरकवायची तर मागून धरून ओढायची, पुढून ढकलायची नाही. चाक फटीत अडकलं तर वरचं जड अंडं आधी पुढं जातं. सहाला आभाळ फुटलं. मागच्या दारातून मी पाहिलं, कडेच्या उतारावरून लाल पाण्याचे ओघळ आमच्या मघाच्या वाटेवरून वाहत होते.

पहिला विस्तव दुसऱ्या रविवारी. पहिल्या काही वेळा आच मंदच ठेवायची, म्हणजे झाकणाच्या कडेची पट्टी नीट बसते. कोळसा लाकडाचा, ओबडधोबड तुकड्यांचा. पेटवायला रॉकेलसारखं काही ओतायचं नाही, सिरॅमिक ते पिऊन घेतं आणि मग जेवणाला वास येत राहतो. चांगली तापलेली असताना झाकण एकदम उघडायचं नाही. आधी दोन बोटं, मग थांबून बाकीचं. नाहीतर आत हवा घुसून ज्वाळा थेट तोंडावर येते. लहान मुलं आसपास असतील तर एवढं वाक्य घरात सगळ्यांना सांगाच.

वांगी मी ठेवली. तेलाचा हात फिरवलेली, थेट जाळीवर, झाकण लावून. गॅसवर वांगं भाजताना आपण ते फिरवत उभ्या राहतो. इथं फिरवावं लागलंच नाही, सगळीकडून सारखं सुरकुतलं, आणि धुराचा वास आतपर्यंत. वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, दाण्याचं कूट. तेलुगू घरातून गोंगुरा चटणी आली. बांधकामवाल्या गृहस्थांनी मांसाचा मोठा तुकडा आणला होता. तो दुसऱ्या कडेला, वेगळ्या जाळीवर ठेवायचा का, हे त्यांनी आधी मला विचारलं. नंतर भरीत तीनदा घेतलं.

त्यांच्या तक्त्यांपैकी दोन अजून आमच्या गॅरेजमध्येच आहेत, असं मुलगा परवा फोनवर सांगत होता. तिसरा कोपऱ्यावरच्या घरी गेलाय. त्यांचं नवं कपडे धुण्याचं यंत्र शुक्रवारी येणार होतं.